दगडाचं दुसरं टोक

१

मिस्त्री सकाळी कामाला लागायचा तो आधी दगडांवर चिडून. ह्याला नुसतं पोटच आहे, त्याला तोंड नाही, हा तर दगड म्हणायच्या लायकीचा नाही, असं पुटपुटत तो ढिगाऱ्यातून निवड करायचा आणि मग तो राग दिवसभर पुरवून वापरायचा. दुपारपर्यंत दगडांवर, जेवणानंतर उन्हावर, आणि उरला तर धाकट्या भावावर. भावासाठी तो नेहमीच उरायचा.

धाकट्याला घरात बारक्या म्हणत. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ते नाव पडलं. आता अरुंद दारातून त्याला आडवं होऊन जावं लागायचं, तरी नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. दोघे भाऊ जुन्या दगडी भिंती दुरुस्त करायचे. धंदा वडलांचा, हत्यारं वडलांची आणि पद्धतही त्यांचीच. चुना न वापरता रचलेली जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, पाठीला पाठ लावून उभ्या, आणि मध्ये बारीक दगडांची भर. एका बाजूला एक माणूस लागतो, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दोघांनी बरोबरीने वर चढायचं असतं. अधूनमधून एक लांब दगड असा आडवा घालायचा की त्याचं एक टोक ह्या बाजूला दिसेल आणि दुसरं त्या बाजूला. ह्या आरपार दगडाने दोन्ही भिंती एकमेकींना बांधल्या जातात. तो दोघांनी दोन टोकांना धरून बसवायचा, एकट्याने नाही.

काम करताना बोलायची गरज नसायची. हातोड्याचा एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे आरपार दगड सरकवतोय, तुझ्याकडचं टोक धर. आणि आपली बाजू सोडून जायचं असेल, घोटभर पाणी प्यायला का होईना, तर हातोडा भिंतीवर ठेवायचा, दांडा पलीकडच्याकडे करून. तो दिसला की दुसऱ्याने हात थांबवायचा. वडलांनी हे सगळं मारून शिकवलं होतं, त्यामुळे ते पक्कं बसलं होतं.

बारक्याचे दोन ठोके कुठेही ओळखू यायचे. पहिला पडला की दुसरा जरा रेंगाळून यायचा, मध्येच काहीतरी आठवल्यासारखा. आणि त्याने धरलेला आरपार दगड कधी म्हणजे कधी सपाट यायचा नाही. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. फार वर्षांपूर्वी असाच एक दगड दोघांनी धरला होता, तो एका टोकाने सुटला आणि दुसऱ्या टोकाखाली ती बोटं सापडली. दगड मिस्त्रीने रागाच्या भरात सोडला की बारक्यानेच वेळेवर हात काढला नाही, यावर भावांचं कधी एकमत झालं नाही. तेव्हापासून बारक्या सगळा भार उजव्या हातावर घ्यायचा, दगड एका कडेला उचललेला यायचा, आणि मिस्त्री दर वेळी ओरडायचा, "वाकडा धरलायस. सरळ धर, गाढवा."

२

ते काम एका जुन्या शेतघराचं होतं. मधोमध फरसबंद अंगण. समोर राहतं घर, एका हाताला गोठा आणि त्याला लागून तबेला, दुसऱ्या हाताला धान्याचं कोठार. चौथ्या बाजूला इमारत नव्हती, तिथे नुसती उंच, हात लांब केला तरी पलीकडे पोचणार नाही अशी जाड भिंत. अंगणात यायला एकच मोठा दरवाजा, तोही पार पलीकडे, घर आणि कोठार यांच्या मधल्या कोपऱ्यात. सगळ्या इमारतींची तोंडं अंगणाकडे. बाहेरून पाहिलं तर एकही खिडकी नाही, वाऱ्यासाठी ठेवलेल्या उभ्या फटी तेवढ्या, आणि त्याही इतक्या अरुंद की हातसुद्धा जाऊ नये.

मालकीणबाईंनी ही वास्तू पाहुण्यांना राहायला देण्यासाठी घेतली होती. त्या शहरातून गाडीने यायच्या, अंगणात उभ्या राहून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "ऐका, कसलाही आवाज नाही." मिस्त्रीला अशा माणसांचा वैताग यायचा. पण बांधकाम पाहून तो मनातल्या मनात वरमला होता. कोपऱ्याचे दगड असे बसवले होते की सांध्यात सुरी शिरू नये. कुणी बांधलं असेल त्याचा हात सोन्याचा होता, आणि हे मान्य करावं लागतंय याचाच त्याला पुन्हा राग आला.

त्या चौथ्या भिंतीला एक मोठं भगदाड होतं. बैलगाडी जाईल एवढं. वरच्या थोरल्या शिळा एकमेकींना रेटून जागच्या जागी अडकून राहिल्या होत्या आणि खालचं सगळं निघून गेलं होतं. ते बुजवायचं, एवढंच काम. ठरल्याप्रमाणे मिस्त्री बाहेर आणि बारक्या आत, अंगणात.

"दादा," बारक्या पहिल्याच दिवशी म्हणाला, "दगड सगळे बाहेर पडलेत. आत एकही नाही."

"पाणी मुरलं असेल. भिंतीला पोट आलं, फुटली."

"पोट येऊन फुटली तर पायाशी ढीग पडतो. हे बघ, तिकडे गवतात लांबवर गेलेत."

मिस्त्रीला हे माहीत नव्हतं असं नाही. किंबहुना ते त्याने बारक्याच्या आधी पाहिलं होतं. "तुला दगड मोजायला आणलंय की लावायला?" तो म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

३

पण बारक्याच्या डोक्यातून काही ते जाईना. तो जाडजूड, हसतमुख माणूस. दुपारी डबा खाऊन झाला की जागा मिळेल तिथे घोरायचा. इथे मात्र तो डबा खायला बाहेर येऊ लागला. जेवून झालं की मोठा वळसा घालून परत आत जायचा, तोही पाय ओढत.

"भिंतीच्या माथ्याच्या शिळा बघितल्यास?" एकदा त्याने विचारलं. "आतल्या बाजूला हातभर पुढे आल्यात. बाहेरच्या बाजूला सपाट आहे. चोर येऊ नयेत म्हणून असत्या तर बाहेर काढल्या असत्या ना?"

"पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून असतात तशा."

"मग बाहेरचं ओघळलेलं चालतं होय?"

मिस्त्रीने भाकरीचा तुकडा मोडला.

"बरं, मोठ्या दरवाज्याचा अडसर कुठे आहे? बाहेर. आणि घराचा, कोठाराचा, तबेल्याचा? आतून. बाकी सोड, गोठ्याचा अडसरही आतून आहे, दादा. आता गाय उठून अडसर लावणार का?"

मिस्त्री हसला. हसू आलं खरंच. पण ते फार टिकलं नाही. कारण त्याने स्वतःही तो गोठा पाहिला होता. पाणी प्यायला आत गेला होता तेव्हा. थंड, कोरडी खोली, गव्हाणीचे दगड गुरांच्या मानेने गुळगुळीत झालेले, आणि दाराच्या आत दोन्ही बाजूंना भिंतीत खोल खाचा. अडसर अजून तिथेच कोपऱ्यात उभा होता. मांडीएवढा जाड. गाईसाठी कुणी एवढं लाकूड वाया घालवत नाही. गुराखी तिथेच झोपत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. लांडगे असतील तेव्हा. पण लांडगे अंगणात येतील कसे, आणि आले तर मोठा दरवाजा बाहेरून कशाला बंद करायचा, एवढं पुढे तो गेला नाही.

"म्हणजे माझं काय म्हणणं," बारक्या आवाज खाली आणत म्हणाला, "सगळी दारं अंगणाला घाबरून लावलेली आहेत."

"तू म्हण. मी काम करतो."

"दादा, उद्यापासून आपण बाजू बदलू. तू आत, मी बाहेर."

"का?"

"आत उभं राहिलं की पाठ उघडी पडल्यासारखी वाटते. काम करताना सारखं वाटतं की मागे कुणीतरी हातात दगड घेऊन वाट बघतंय. कधी ह्याचं आटपतंय आणि कधी आपल्याला हात मारायला मिळतोय, असं."

हे ऐकून मिस्त्री चिडला तो खरा भीतीने. पण भीती वाटली की चिडायचं, ही त्याची जुनी सवय होती, आणि ती त्याला स्वतःला दिसत नसे. "बाहेरची बाजू रस्त्यावरून दिसते," तो म्हणाला. "ती तुझ्या अर्ध्या पंजावर सोपवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

बारक्याने डब्याचं झाकण लावलं आणि तो वळसा घालून आत गेला.

४

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. भगदाड आता छातीच्या वरपर्यंत भरत आलं होतं. वर अडकलेल्या शिळांखाली एक आडवी पट्टी तेवढी मोकळी राहिली होती. त्यातून डोकावलं तर समोर घराचं दार आणि फरसबंदीचा एक तुकडा दिसे. बाईंनी काम पाहिलं, खूश झाल्या, आणि गाडीत बसता बसता म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही वेळेत संपवताय. नाहीतर तुमचे भाऊ पुढच्या महिन्यात गेल्यावर अडचण झाली असती."

"कुठे गेल्यावर?"

बाईंच्या लक्षात आलं की आपण नको ते बोलून बसलो. "ते शहरात फरशांच्या कामावर लागतायत ना. मेव्हण्यांकडे. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

गाडी गेली. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो भिंतीशी आला आणि त्या पट्टीतून आत ओरडला.

"फरशा चिकटवणार? बाथरूमच्या?"

पलीकडून बारक्याचा चेहरा दिसला. घामाने आणि धुळीने राखाडी झालेला. "सांगणार होतो, दादा."

"कधी? गेल्यावर? परक्या बाईला सांगतोस आणि सख्ख्या भावासमोर मूग गिळून बसतोस?"

"तुला सांगितलं की तू हेच करणार. ओरडणार."

"मी घडवलं तुला."

"घडवलं?" बारक्या कधी आवाज चढवत नसे. तो आता चढला. "उठता बसता गाढव म्हणतोस. वाकडा धरतो म्हणतोस. वाकडा का धरतो ते तुला माहीत नाही? दगड तू सोडलास. तू. इतकी वर्षं वाट बघतोय, कधीतरी एकदा म्हणशील. जास्त काही नको, एवढंच, की हो बाबा, सुटला माझ्याकडून."

"काम कर," मिस्त्री म्हणाला.

"बघ. हेच."

"काम कर म्हटलं ना."

आणि तो खाली वाकला. आता हे भगदाड पूर्ण बुजेपर्यंत मान वर करायची नाही, त्याचं तोंड बघायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. रचत्या थरावर हातोडा आला नाही, म्हणजे बारक्या जागेवरच होता. रुसून बसला असेल. बसू दे.

५

थोड्या वेळाने दोन ठोके पडले.

नेहमीसारखे नाहीत. एकाला लागून एक, टणक, मोजके. रागात आहे, मिस्त्री मनात म्हणाला, आता बरे सुचतात पटापट ठोके. आरपार दगड सरकत आला. त्याने न बघता दोन्ही हात पुढे केले, टोक धरलं, आणि दगड उचलला गेला.

सपाट. दोन्ही कडा सारख्या. पाण्याचा थेंब ठेवला असता तर जागचा हलला नसता.

 मिस्त्रीने खाली दगडाच्या पातळ चिपा सारल्या, दगड बसवला आणि दात चावून हसला. म्हणजे येत होतं. इतकी वर्षं ह्या माणसाला सरळ धरता येत होतं आणि ह्याने मुद्दाम धरलं नाही. शिव्या खाल्ल्या, मान खाली घातली, पण धरलं नाही. त्याला हा सगळ्यात मोठा विश्वासघात वाटला. फरशांपेक्षाही मोठा.

काम मात्र असं चाललं की काय सांगावं. दगड हातात यायचा तो ह्याच जागेसाठी जन्मल्यासारखा. पलीकडची भर अशी पडत होती की कुठे पोकळ आवाज नाही. मिस्त्री पुढे जायचा, तर पलीकडची बाजू आधीच बरोबरीला आलेली. वडील हयात होते तेव्हाही त्याने असा जोडीदार पाहिला नव्हता. हात गरम झाले, घाम छान वाहू लागला, आणि घामाबरोबर रागही थोडा थोडा निघून जाऊ लागला. राग गेला की त्याच्या जागी जे उरतं ते त्याला सहन होत नसे. म्हणून तो बोलू लागला. खाली बघूनच.

"जायचं तर जा. मी काही पाय धरणार नाही."

पलीकडे दगडावर दगड बसल्याचा आवाज.

"पण सांगून जायचं असतं. घरचं माणूस आहे मी. वहीत नाव लिहिणारा मुकादम नाही."

दगडावर दगड.

"आणि ते बोटांचं." त्याने एक चीप उचलली, टाकली, दुसरी उचलली. "त्या दिवशी मी चिडलो होतो. वडील मलाच बोलले होते, तुझ्यासमोर. हात घामेजले होते. सुटला की सोडला, मला अजून कळत नाही. सोडला असेल. हां, सोडला. माझ्याकडून गेला. झालं समाधान?"

पलीकडचं काम थांबलं. मिस्त्रीला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. रडेल कदाचित, बारक्या लगेच रडायचा. त्याने वाट पाहिली. त्याच्या छातीत इतक्या वर्षांचं काहीतरी सैल झालं होतं आणि ते धरायला समोरून कुणीतरी हवं होतं.

दोन ठोके पडले. टणक, मोजके. पुढचा दगड सरकत आला, सपाट.

६

ऊन कलायला लागलं तेव्हा वर फक्त एका दगडाची जागा उरली होती. शेवटचा आरपार दगड तिथे जायचा आणि भिंत बंद व्हायची. मिस्त्री हात झटकत दोन पावलं मागे आला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, तू एकट्याने एवढं उरकलंस?"

बारक्या उभा होता. गवतात, बाहेर, त्याच्या मागे. अंगावर धुवून वाळलेला शर्ट, हात तोंड स्वच्छ, एका हातात पाण्याची बाटली. हातोडा कमरेला खोचलेला.

मिस्त्रीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"रस्त्यापर्यंत गेलो होतो," बारक्या जमिनीकडे बघत म्हणाला. "बसस्टॉपवर बसलो बराच वेळ. बायकोला फोन केला. ती म्हणाली, भांडायचं तर भांडा, पण भिंत अर्धी टाकून येऊ नका, दादांना एकट्याला जमणार नाही. मग कपडे धुतले नळावर, म्हटलं डोकं थंड होईल." त्याने भिंतीकडे पाहिलं. "पण तुला जमलं की."

"हातोडा ठेवला नाहीस तू."

"रागात राहून गेलं. चुकलं."

"मी समजलो तू आत आहेस."

"मी? मी तर भांडण झालं तसाच निघालो. तेव्हा कुठे होती एवढी भिंत?" तो जवळ आला, आरपार दगडाच्या टोकावरून त्याने हात फिरवला. "हे कुणी धरलं? कसलं सरळ बसलंय."

भिंतीच्या आतून दोन ठोके आले.

दोघे भाऊ जागच्या जागी उभे राहिले. बारक्याची बाटलीवरची पकड घट्ट झाली आणि प्लॅस्टिक चुरचुरलं. त्या राहिलेल्या चौकोनातून आतला थोडासा उजेड दिसत होता. दुसरं काही नाही.

"बाईंनी दुसरा माणूस लावलाय का?" बारक्या कुजबुजला.

आणि मिस्त्रीने ही कल्पना बुडत्या माणसासारखी पकडली. हो, दुसरा माणूस. बाईंनीच परस्पर लावलेला. त्यांना वेळेत संपवायचं होतं ना. आला असेल मोठ्या दरवाज्याने, बारक्या गेलेला पाहिला असेल आणि तोंड न उघडता कामाला लागला असेल. सगळं जुळत होतं. मग त्याला आठवलं की आपण काय काय बोललो. जे भावाला आयुष्यात म्हटलं नाही, ते एका उपटसुंभाने फुकटात ऐकून घेतलं, आणि वर हूं की चूं केलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला. असा राग त्याला त्या अख्ख्या दिवसात आला नव्हता.

"जा," तो म्हणाला. "बघ कोण आहे. हाकलून दे त्याला."

"तू पण चल."

"तुझी बाजू आहे ती. तू सोडलीस, तू बघ."

बारक्याने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी अंधाऱ्या खोलीतून काही आणायला पाठवलं की तो असाच बघायचा, कुणी आपणहून म्हणेल का, चल, मीही येतो. मिस्त्रीच्या ते ओठांवर आलं होतं. आधी हा बाहेर येऊ दे, त्याने ठरवलं, मग बोटांचंही सांगू, नीट, तोंडावर.

बारक्याने बाटली गवतात ठेवली आणि तो कोपऱ्यावरून वळला.

७

त्याची पावलं कोठाराच्या पलीकडे गेली. मोठ्या दरवाज्याच्या बिजागरीची करकर ऐकू आली. मग फरसबंदीवर त्याची जड, ओळखीची चाल.

"कोण आहे?" बारक्याने आत विचारलं. इमारतींवरून आवाज फिरून आला. "अहो, कोण आहे?"

पावलं भिंतीच्या दिशेने आली. जवळ आली. थांबली.

मिस्त्रीने चौकोनाला डोळा लावला. समोर घराचं बंद दार, फरसबंदीचा तुकडा, त्यावर उतरतं ऊन. बारक्या कडेला उभा असणार, दिसत नव्हता. "काय रे?" त्याने हाक मारली. "कोण आहे?" उत्तर नाही. "बारक्या." त्याचा स्वतःचा आवाज त्याला पातळ वाटला. "गप्प का आहेस? मस्करी नको हं."

मग ठोके पडले. एक. आणि जरा रेंगाळून, मध्येच काहीतरी आठवल्यासारखा, दुसरा.

मिस्त्री भिंतीला टेकला. सुटकेचा एवढा मोठा श्वास बाहेर पडला की त्याला हसू आलं, आणि पाठोपाठ संतापही, नेहमीचा, घरचा. "जीव घेशील एक दिवस," तो ओरडला. "बोलायला तोंड नाही? पळाला का तो?"

दगड सरकत आला. शेवटचा, थोरला, सगळ्यात जड. मिस्त्रीने टोक दोन्ही हातांत घेतलं, छातीशी लावलं आणि सवयीने शिवी तयार ठेवून उचललं.

दगड वर आला तो सपाट.

त्याने वाट पाहिली. आता डावी कड वर जाईल. बारक्याची पकड बसायला वेळ लागतो, अर्ध्या बोटांनी चाचपावं लागतं त्याला. आता जाईल. डावी कड गेली नाही. दगड दोघांच्या मध्ये तसाच राहिला, शांत, समपातळीत, पलीकडच्याला त्याचा काही भारच नसल्यासारखा.

"बारक्या, खाली ठेव."

दगड खाली गेला नाही. वरच्या शिळा आणि दगड यांच्या मध्ये बोटभर फट होती. मिस्त्रीने मान तिरकी करून त्या फटीतून पाहिलं. पलीकडच्या टोकावर, बारक्याचा डावा हात असायला हवा तिथे, चार बोटं दगडावरून अलीकडे वळली होती. चारही पूर्ण. चारही सारख्या लांबीची. धुळीने माखलेली नव्हती, तर दगडाच्याच रंगाची होती, आणि ती सावकाश पुढे सरकून पकड आणखी नीट करत होती, कामसू माणूस करतो तशी.

 हात सोड, सगळं अंग त्याला सांगत होतं, सोड आणि पळ दरवाज्याकडे. पण ती बोटं खरंच त्याने पाहिली होती का? फट बोटभराची, ऊन डोळ्यांवर, घाम पापणीत. बारक्या असेल. आज त्याला सरळ धरता आला असेल, एवढं भांडण झाल्यावर, दादाला दाखवायला म्हणून. ठोके तर त्याचेच होते. आणि तो असेल आणि आपण सोडला, तर हा दगड थेट त्याच्या हातांवर जाईल. उरलेल्या बोटांवर. पुन्हा.

दंड भरून आले. घाम दगडावर पडला आणि जिथे पडला तिथेच थांबला, कुठल्याच कडेकडे ओघळला नाही.

"वाकडा धर," मिस्त्री म्हणाला. "ऐकतोस का? तुझ्या नेहमीसारखा." आता तो रडत होता, आणि रागाने रडत होता, भावावर, बाईंवर, इतक्या वर्षांच्या आपल्याच तोंडावर. "मी काही म्हणणार नाही. कधी काही म्हणणार नाही. बारक्या, एकदा फक्त वाकडा धर."

पलीकडून एक ठोका पडला. थांब.

दोन्ही हात दगडाला असताना हातोडा कुणी उचलला, हे मिस्त्रीने विचारलं नाही. तो टोक धरून उभा राहिला.